इंजिनाचा पिवळा दिवा आणि हवा खाणारी नळी

या मासिकांत बियाणें, खतें, पाणी व साठवण यांविषयीं नेहमीं लिहून येतें. त्यांत मोटारीच्या इंजिनावरील लेख पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु आपल्या आंबेगांव-जुन्नर भागांत टोमॅटोचे क्रेट नारायणगांवीं, कांदा-बटाट्याच्या गोणी मंचरीं आणि तरकारी पुण्याच्या गुलटेकडीस पोहोंचविणें हें काम आतां पिकअप व टेम्पो यांच्याकडे आहे. ज्याच्यावर शेतमालाचे पैसे वेळेवर हातीं पडणें अवलंबून आहे, तें वाहन शेतीच्या अवजारांतच मोजलें पाहिजे.

मी यंत्रशास्त्र शिकलेला नाहीं. मराठी शाळेंतील शिक्षणावर महसूल खात्यांत कारकुनी केली व निवृत्तीनंतर अवसरी खुर्द येथें जमीन करून असतों. गेल्या हंगामांत घरच्या गाडीवर जो प्रसंग आला, त्यापासून हा विषय हाती घेतला, जाणत्यांस विचारला व गाडीवर पडताळून पाहिला. तेवढेंच येथें देत आहें.

पुतण्याची डिझेलवर चालणारी पिकअप भरतीचा माल घेऊन पुण्यास निघाली होती. पेठच्या घाटांत तिचा जोर एकाएकीं गेला. पाय तळाला टेकविला तरी गाडी दुसऱ्या गियरच्या पुढें जाईना, मागें काळा धूर निघूं लागला, आणि समोर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. इंजिन बंद करून पुन्हां चालू केलें, तेव्हां घटकाभर जोर आला आणि फिरून गेला. बाजार चुकूं नये म्हणून तो तसाच पुढें निघाला, खेडचा घाट उतरला, माल विकला व रात्रीं उशिरां घरीं आला. दुसऱ्या दिवशीं एका गॅरेजांत स्कॅनर लावला, तेव्हां पी-०२९९ हा आंकडा उमटला. त्याचा अर्थ, टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षां कमी. एवढें वाचतांच निर्णय झाला कीं टर्बो गेला, नवा बसवावा. खर्चाची रक्कम अशी सांगितली कीं त्या हंगामाचा टोमॅटो त्यांतच खपला असता.

माझा स्वभाव कारकुनाचा. तक्रारीचा अर्ज आला म्हणजे त्याच दिवशीं हुकूम काढीत नाहींत. आधीं स्थळपाहणी होते. म्हणून गाडी दुसऱ्या एका तरुण फिटराकडे नेली. त्यानें टर्बोस हात लावण्यापूर्वीं पुतण्यास विचारलें, “दादा, ब्रेक जड लागतो का?”

“लागतो. पंधरा दिवस झाले असतील. मला वाटलं, भरतीमुळं.”

तो कांहीं बोलला नाहीं. इंजिनाच्या कडेनें जाणारी बोटाएवढ्या जाडीची एक काळी रबरी नळी त्यानें बोटानें चांचपीत नेली. एका लोखंडी पट्टीस घासून तिला खालच्या अंगानें नखाएवढी चीर पडली होती. वरून पाहणाऱ्यास ती दिसणें शक्य नव्हतें. नवी नळी बसली, आंकडा पुसला, आणि गाडी भरून त्याच घाटांत नेली तेव्हां दिवा लागला नाहीं. नळीचे पैसे शंभराच्या आंत झाले.

आतां ही नळी करते काय, आणि तिची चीर व टर्बोचा आंकडा यांचा संबंध काय, हें पाहूं. ज्यानें विहिरीवर पंप चालविला आहे त्यास हें समजण्यास जड जाऊं नये. पंप पाणी ओढतो असें आपण म्हणतों, पण खरें पाहतां तो सक्शन पाइपांतील हवा काढून घेतो, आणि बाहेरची हवा विहिरींतील पाण्यावर दाब देऊन तें पाइपांत वर चढविते. इटलींतील टोरिचेली यानें सन १६४३ मध्यें पाऱ्याच्या नळीनें हा हवेचा दाब मोजून दाखविला. समुद्रकांठीं तो ७६० मिलिमीटर, म्हणजे सुमारें ३० इंच पाऱ्याइतका भरतो. आपला मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच असल्यामुळें येथें तो दोनएक इंच कमी, म्हणजे २८ इंचांच्या आसपास असतो. सक्शनच्या जोडांत सुईएवढें भोंक असलें तर पंपाचें काय होतें तें आपण जाणतोंच. मोटर फिरते, पंप घरघरतो, पण पाणी येत नाहीं. मग आपण जोडावर शेण लिंपतों, फ्लँजचें पॅकिंग बदलतों, फूटव्हॉल्व्ह पाहतों. पाणी येत नाहीं म्हणून नवा पंप विकत आणणारा शेतकरी मीं पाहिलेला नाहीं. मोटारीच्या बाबतींत मात्र नेमकें तेंच घडतें, कारण सक्शन पाइप आपल्या ओळखीचा आहे आणि इंजिनाची नळी नाहीं.

इंजिनांतील या हवा काढून घेतलेल्या पोकळीस निर्वात म्हणावें. गॅरेजांत तिला व्हॅक्यूम म्हणतात. पेट्रोल व गॅसच्या इंजिनांत ती आपोआप उत्पन्न होते. पाय सोडलेला असतां हवेच्या वाटेवरील झडप जवळजवळ मिटलेली असते आणि दट्टे तर ओढीत असतात, त्यामुळें आंतील कोठींत निर्वात होतो. समुद्रसपाटीस चांगल्या इंजिनांत संथ फिरत असतां तो १७ ते २२ इंच पाऱ्याइतका दिसतो. आपल्याकडे घड्याळ दोन इंच कमी दाखवील, तो दोष समजूं नये. डिझेल इंजिनांत अशी झडप बहुधा नसते, किंवा असली तरी निर्वातासाठीं नसते. म्हणून तेथें निराळा व्हॅक्यूम पंप असतो. कित्येक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीस जोडलेला असतो, कित्येकांत इंजिनाच्या माथ्यावर. त्यास इंजिनाचेंच ऑइल लागतें. या पंपापासून जाड नळी ब्रेकच्या बूस्टराकडे जाते, आणि तिलाच फुटलेल्या बारीक नळ्या टर्बोच्या दांड्याकडे व धूर फिरवून परत आंत घेणाऱ्या ईजीआर झडपेकडे जातात. म्हणजे एकाच पाटावर तीन शेतें आहेत. पाट कोठेंही फुटला तरी तिन्ही शेतांस पाणी कमी पडूं शकतें. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या बऱ्याच गाड्यांत टर्बो व ईजीआर विजेच्या लहान मोटरीनें हलतात. तेथें व्हॅक्यूमच्या नळ्या थोड्या असतात, पण ब्रेकची नळी बहुतेकांत असतेच.

आतां आंकड्यांकडे वळूं. भारतांत चारचाकी गाड्यांस इंजिनाचे दोष स्वतः नोंदविणारी व्यवस्था २०१० च्या एप्रिलपासून पहिल्या टप्प्यानें व २०१३ च्या एप्रिलपासून दुसऱ्या टप्प्यानें आवश्यक झाली. चालकाच्या गुडघ्याजवळ, समोरच्या फळीच्या खालीं, सोळा खुंट्यांचें एक खोबण असतें. स्कॅनर तेथें लागतो. आंकड्याची रचना आपल्या गटक्रमांकासारखीच अर्थपूर्ण आहे. आरंभींचें अक्षर ‘पी’ असलें म्हणजे दोष इंजिन किंवा गियर यांकडचा. त्यानंतर शून्य असलें तर तो आंकडा सर्व कंपन्यांस सारखा, एक असला तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसरें स्थान पाहावें: एक किंवा दोन असल्यास इंधन व हवा, तीन असल्यास ठिणगी, चार असल्यास धुराची व्यवस्था, पांच असल्यास वेग व संथ फिरणें. उरलेले दोन अंक म्हणजे नेमकी तक्रार.

तक्रार म्हणतों तें जाणूनबुजून. बांधाची खूण हलली असा अर्ज आला म्हणजे अर्जदाराच्या शेतांत कांहीं कमी भरलें एवढें कळतें. खूण कोणीं हलविली, कीं मुळांत मोजणींतच चूक आहे, हें अर्जांत नसतें. आंकड्याचें तसेंच आहे. तो सेन्सराचा अर्ज आहे. पी-०२९९ म्हणतो कीं दाब कमी आला. टर्बो मोडला असें तो म्हणत नाहीं, कारण तें त्यास ठाऊकच नसतें. ज्यांनीं आंकड्यास निकाल मानलें त्यांनीं चांगले भाग काढून टाकले आहेत व नव्या भागांवरही तोच आंकडा पुन्हां उमटलेला पाहिला आहे.

निर्वाताच्या गळतीनें पेट्रोलच्या गाडींत बहुधा पी-०१७१ येतो, म्हणजे मिश्रणांत इंधन कमी व हवा जास्त. सोबत पी-०३०० येईल, म्हणजे ठिणगी पडूनही सिलिंडर चुकत आहेत; किंवा पी-०५०७, म्हणजे इंजिन संथ असतां हवें त्यापेक्षां जोरांत फिरतें. यांत एक बारकावा आहे. ज्या गाडींत आंत येणारी हवा तोंडाशींच मोजली जाते, तेथें चिरेंतून शिरलेली हवा मोजणींत येत नाहीं, आणि इंधन कमी पडून ०१७१ उमटतो. ज्या गाडींत तोंडाशीं न मोजतां कोठींतील दाबावरून हवेचा हिशेब होतो, तेथें चोरून आलेली हवाही हिशेबांत धरली जाते. मग इंधन कमी पडत नाहीं, फक्त इंजिन भरधांव फिरूं लागतें. एकच चीर, पण दोन गाड्यांत दोन आंकडे.

हें पडताळण्याची उत्तम रीत स्कॅनरांतच आहे. इंजिनाचा संगणक इंधनांत सतत कमी-अधिक दुरुस्ती करीत असतो, तिला फ्यूएल ट्रिम म्हणतात व ती शेंकड्यांत दिसते. दहाच्या आंतबाहेर ती हलली तर चिंता नाहीं. ०१७१ उमटलेल्या गाडींत संथ असतां ती अधिक वीस-पंचवीसवर चढलेली दिसली, आणि इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर धरतांच खालीं आली, तर हवेची गळती समजावी. चीर तेवढीच राहते. इंजिन जास्त हवा घेऊं लागलें म्हणजे तिचा वांटा नगण्य होतो. उलट संथ असतां ठीक आणि जोरांत फिरवितां दुरुस्ती वाढत गेली, तर इंधनच कमी पडत आहे. फिल्टर किंवा टाकींतील पंप पाहावा. पांच मिनिटांची ही परीक्षा फिटराकडून समोर करून घ्यावी. तो नाखूष झाला तर दुसरा फिटर पाहावा, असें माझें मत.

डिझेलच्या गाडींत ०२९९ आणि पी-०४०१ हे दोन आंकडे मुख्य. दुसऱ्याचा अर्थ, ईजीआर झडपेंतून धूर पुरेसा फिरत नाहीं. झडप काजळीनें अडकली असेल, किंवा तिला उघडणारा निर्वात तिच्यापर्यंत पोहोंचतच नसेल. दोन्ही आंकडे एकाच वेळीं आले तर माझी बोटें आधीं सामाईक नळीकडे जातील. उलट पी-०४०३, पी-००४५ किंवा पी-०२४३ असे आंकडे विजेच्या मंडळाविषयींचे आहेत. तेथें नळीपेक्षां तार व जोडणी पाहावी. पी-०२३४ हा ०२९९ च्या उलट, म्हणजे दाब जास्त झाला. कांहीं साध्या टर्बोंचा दांडा निर्वातानें न हलतां टर्बोच्याच दाबानें हलतो. ती नळी फाटली म्हणजे जादा दाब सोडणारी झडप उघडत नाहीं व ०२३४ येतो. नळी फाटली म्हणजे जोर जातोच असें नाहीं, हें यावरून ध्यानांत यावें.

०२९९ ची स्थळपाहणी आम्हीं जशी केली तशी सांगतों. इंजिन थंड असतां प्रथम टर्बोपासून इंटरकूलरकडे व तेथून इंजिनाकडे जाणारे मनगटाएवढे जाड पाइप पाहिले. ते सुटले किंवा फाटले तरी हाच आंकडा येतो. पण तेथें वेग घेतांना मोठा सूंसूं आवाज होतो आणि फाटल्या जागीं ऑइलाचा ओला डाग दिसतो. तसें कांहीं नव्हतें. मग बारीक नळ्या. प्रत्येक नळी टोंकाशीं वांकवून पाहावी, कारण चिरा बहुधा टोंकाशीं, क्लिपेच्या कडेला असतात व सरळ नळींत मिटलेल्या राहतात. कडक झालेली, तुटक वाजणारी नळी फाटली नसली तरी बदलावी. आंतून ऑइलानें फुगून मऊ पडलेली नळी अधिक फसवी. ती वरून धड दिसते, पण निर्वात होतांच चपटी होऊन वाट बंद करते. मग टर्बोच्या दांड्याची नळी काढून तेथें हातपंप लावला. हा पंप घड्याळासह मिळतो व फिटराजवळ असावा. पंधरा-वीस इंच ओढतांच दांडा सरकला आणि हात थांबविल्यावरही कांटा मिनिटभर जागचा हलला नाहीं. म्हणजे दांड्याचा पडदा शाबूत. कांटा उतरूं लागला असता तर पडदा फाटला असें ठरलें असतें. शेवटीं व्हॅक्यूम पंपाच्या मुळाशीं घड्याळ लावलें. तेथें चांगल्या पंपाला आपल्या उंचीवर तेविसाच्या वर कांटा जावयास हवा, तसा तो गेला. मुळाशीं भरपूर व टोंकाशीं थोडें, तर पाट मध्येंच फुटला आहे. अशा रीतीनें बोट त्या पट्टीजवळच्या चिरेवर आलें. नळ्या धड निघाल्या असत्या तर दांड्याकडे निर्वात वांटून देणारी सोलेनॉइड झडप पाहावयाची होती. तिच्या तोंडाचा लहान फिल्टर आपल्या कच्च्या रस्त्यांच्या धुळीनें बुजतो. टर्बोचा नंबर या सर्वांच्या मागून.

बारीक गळती कानानेंही सांपडते. हातभर नळीचें एक टोंक कानाशीं व दुसरें इंजिनावर फिरवावें, पट्टे व पंखा यांपासून दूर राहावें. सूं आवाज चिरेशीं एकदम वाढतो. साबणाच्या पाण्याचा फेस येथें येत नाहीं, कारण हवा बाहेर न येतां आंत जाते. मात्र संशयाच्या जागीं पाण्याचे चार थेंब टाकले तर क्षणभर आवाज बदलतो. कांहीं ठिकाणीं इंजिन चालू असतां पेट्रोल शिंपडून फेऱ्या वाढतात का तें पाहतात. तापलेल्या इंजिनावर हा खेळ करूं देऊं नये. आग लागण्यास एक ठिणगी पुरते. मोठ्या गॅरेजांत नळ्यांत धूर भरून गळती शोधण्याचें यंत्र असतें, तें निर्धोक. आपल्या अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे आणि तेथें मोटारगाडीच्या अभियांत्रिकीची शाखाही शिकवितात. राज्यांतील मुलें दूरदूरून येऊन हें शास्त्र शिकतात आणि आपण त्याच फाटकावरून दिवा लागलेली गाडी घेऊन जातों, याचें मला हसूं येतें.

ब्रेकची गोष्ट मीं मागें ठेविली, ती लहान म्हणून नव्हे. बूस्टराच्या डब्यांत एक पडदा असतो. त्याच्या पुढें निर्वात व मागें बाहेरची हवा. पाय पडतांच हवेचा दाब पायाच्या मदतीस येतो. नऊ इंच व्यासाच्या पडद्याचें क्षेत्र सुमारें ४१० चौरस सेंटिमीटर भरतें. दर चौरस सेंटिमीटरमागें ७०० ग्रॅम दाबाचा फरक धरला तरी २८० किलोंहून अधिक जोर होतो. निर्वात गेला म्हणजे ही मदत नाहींशी होऊन सारें काम चालकाच्या एका पायावर येतें. ब्रेक नाहींसा होत नाहीं. तो दगडासारखा होतो, आणि गाडी थांबण्यास लागणारें अंतर वाढतें. पुतण्या त्या दिवशीं भरली गाडी घेऊन खेडचा घाट उतरला होता. पिवळा दिवा त्यानें पाहिला होता, पण तो दिवा ब्रेकविषयीं कांहीं सांगत नव्हता, कारण बूस्टरांतील निर्वात मोजणारा सेन्सर त्या गाडींत नव्हता. पुष्कळ गाड्यांत तो नसतो.

म्हणून ही परीक्षा प्रत्येक चालकानें स्वतः करावी. तिला हत्यार लागत नाहीं. इंजिन बंद असतां ब्रेक पांच-सहा वेळां दाबावा, म्हणजे सांठलेला निर्वात संपून पेडल टणक होतें. मग पाय तसाच दाबून धरावा व इंजिन चालू करावें. पेडल पायाखालीं थोडें खालीं गेलें तर बूस्टर काम करतो. जागचें हललें नाहीं तर निर्वात तेथवर येत नाहीं, आणि ती गाडी भरून घाटांत नेऊं नये. दुसरी परीक्षा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची. इंजिन मिनिटभर चालवून बंद करावें, पांच मिनिटें थांबावें व पेडल दाबावें. पहिले दोन-तीन दाब मऊ लागले पाहिजेत. पहिलाच टणक लागला तर तो व्हॉल्व्ह किंवा त्याची नळी गळते. आपल्या फूटव्हॉल्व्हचेंच हें भावंड समजावें. पेडल दाबून ठेवतांना पायाजवळ सतत सूं आवाज आला तर पडदाच फाटला आहे.

नळी बदलतांना आंतला व्यास जुन्याइतका व भिंत जाड अशी व्हॅक्यूमचीच नळी मागावी. घरीं ठिबकच्या नळ्यांचे तुकडे पडलेले असतात व ते नेमके बसतात, हा मोह टाळावा. इंजिनाच्या उष्णतेनें ती नळी मऊ होते आणि चपटी पडते. फवारणी पंपाच्या नळीचेंही तेंच. नवी नळी ज्या पट्टीस घासत होती तेथें रबराचा तुकडा गुंडाळून बांधावा. आंकडा पुसण्यापूर्वीं तो, तारीख आणि किलोमीटर वहींत लिहून ठेवावे. बॅटरी काढून दिवा घालविणाऱ्यानें पुरावाच जाळला असें होतें. आणि दुरुस्ती झाली कीं नाहीं तें गॅरेजाच्या दारांत कळत नाहीं. ०२९९ हा भाराखालीं उमटणारा दोष आहे, म्हणून गाडी भरून चढावर नेऊनच पाहावी.

एक राहिलें. कांद्याच्या बराखीजवळ गाडी उभी करणारांनीं बॉनेट आठवड्यांतून एकदां उघडावें. बराखीशीं उंदीर असतो, हिंवाळ्यांत त्यास इंजिनाची ऊब आवडते, आणि या बारीक नळ्या तो रात्रींत कुरतडतो.